किल्ल्याच्या पोटात काय आहे?

गेल्या दिवाळीत आमच्या मंडळाने किल्ले स्पर्धेचं परीक्षण माझ्या गळ्यात घातलं. कारण साधं होतं. मी मातीवर संशोधन करते. चिकणमाती वाळताना तिला भेगा का आणि कशा पडतात, यावर माझी पीएच.डी. आहे आणि सध्या बॉस्टनजवळ पोस्टडॉकचं दुसरं वर्ष चालू आहे. "मातीतली डॉक्टर घरात असताना बाहेरचा परीक्षक कशाला?" असं मंडळाच्या काकू म्हणाल्या आणि विषय संपला. मी किल्ले पाहिले, गुण दिले, बक्षिसं वाटली, फराळ केला. परत येताना गाडी हायवेला लागली आणि माझ्या लक्षात आलं, की पहिला नंबर मी चुकीच्या किल्ल्याला दिला.

दिलेलं बक्षीस परत घेता येत नाही, घेऊही नये. पण चूक कुठे झाली ते लिहून काढता येतं. आपल्यापैकी बरेच जण दर दिवाळीला गॅरेजमध्ये किंवा बाल्कनीत किल्ला करतात आणि दरवर्षी त्याच प्रश्नापाशी अडतात: कशाचा करायचा? म्हणून हे जाहीरपणे लिहिते आहे.

माझ्या हातातल्या गुणपत्रिकेत चार रकाने होते. ऐतिहासिक अचूकता, सफाईदारपणा, कल्पकता आणि सादरीकरण. किल्ला कशाचा केला आहे आणि ते का निवडलं, याला रकानाच नव्हता. जणू मावळे, बुरूज आणि भगवा झेंडा म्हणजे किल्ला, आणि त्यांच्या खाली जे काही असतं ते नुसतं टेबल. ही समजूत मीसुद्धा त्या दिवशी मुकाट्याने स्वीकारली. सगळी गडबड तिथून सुरू झाली.

स्पर्धेत बरेच किल्ले होते. त्यांतल्या तिघांबद्दलच बोलते, कारण त्या तिघांची पोटं तीन वेगवेगळ्या गोष्टींनी भरलेली होती.

पहिला होता राजगड. मी पहिला नंबर दिला तो हाच. होम डेपोत भिंतीच्या इन्सुलेशनसाठी जे गुलाबी फोम बोर्ड मिळतात, त्यांचे एक इंच जाडीचे तुकडे नकाशातल्या समोच्च रेषांवरून कापून एकावर एक चिकटवले होते. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तिन्ही माच्या आपापल्या दिशेला गेलेल्या, मध्ये बालेकिल्ला उठलेला. वरून काळपट करडा रंग, उतारावर हिरवा भुसा. कुठे डिंकाचा ओघळ नाही, कुठे बोटाचा ठसा नाही. बाबांची मदत किती, असं मी विचारलं नाही. विचारायची पद्धत नसते.

दुसरा होता प्रतापगड, थ्रीडी प्रिंटरवर काढलेला. उपग्रहावरून मोजलेल्या उंचीची माहिती नेटवरून उतरवायची, संगणकात डोंगर उभा करायचा आणि रात्रभर प्रिंटर चालू ठेवायचा. शेजारच्या लॅपटॉपवर डोंगर गोल फिरताना दिसत होता.

तिसऱ्या किल्ल्याला नावच नव्हतं. "हा माझा किल्ला आहे," एवढंच तो दहा-अकरा वर्षांचा मुलगा म्हणाला. कपडे धुवायला टाकण्याची प्लास्टिकची टोपली उपडी ठेवलेली, तिच्याभोवती परसातले दगड, त्यावर कॉफी भाजणाऱ्या दुकानातून फुकट आणलेलं तागाचं पोतं चिखलात बुडवून पसरलेलं आणि वरून मातीचा हात. महाराज टोपलीच्या बुडावर सिंहासनावर बसलेले. मावळे बुरुजांपेक्षा उंच. हॉलचं हीटिंग सकाळपासून जोरात चालू होतं. त्या कोरड्या हवेत मातीला भेगा पडल्या होत्या आणि काही भेगांतून अळीव वर आला होता. मी सफाईदारपणात 10 पैकी 4 दिले. भेगांवर पीएच.डी. केलेल्या बाईने भेगा दिसल्या म्हणून गुण कापले! त्याला उत्तेजनार्थ बक्षीस मिळालं, म्हणजे सगळ्यांना मिळालं तेच.

आता एकेक पोट उघडून पाहू.

फोमबद्दल मनात राग धरूनच मी हा लेख लिहायला बसले होते. लिहिता लिहिता तो बराच कमी झाला. आधी वजनाचा हिशेब करा. दोन फूट बाय तीन फुटांचा पाया घेतला आणि मध्ये एक फूट उंचीचा डोंगर उभा केला, तर त्याचं आकारमान साधारण 55 लिटर भरतं. तो नुसत्या ओल्या मातीचा केला तर 90 किलोच्या आसपास जाईल. तिसऱ्या मजल्यावरच्या अपार्टमेंटमध्ये तो कोण नेणार आणि तिथून मंडळाच्या हॉलमध्ये कोण आणणार? तोच डोंगर गुलाबी बोर्डाचा केला तर दोन किलोसुद्धा भरत नाही. गावच्या अंगणातला किल्ला जिथे बांधला तिथेच राहायचा, त्याला वजनाशी देणंघेणं नव्हतं. आपला किल्ला मात्र गाडीच्या डिकीत बसावा लागतो. ज्यांनी फोम निवडला, त्यांनी आळस केला असं म्हणणं अन्यायाचं होईल.

दुसरी गोष्ट मला जास्त अस्वस्थ करून गेली. सह्याद्री थरांचा आहे. सुमारे 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे लोटच्या लोट एकावर एक पसरत गेले आणि त्यांतून दख्खनचं पठार तयार झालं. या थरांतले काही घट्ट, काही सच्छिद्र आणि ठिसूळ. ठिसूळ थर झिजून उतार होतात, घट्ट थर कडा म्हणून उभे राहतात. भूशास्त्रात या खडकाला 'ट्रॅप' म्हणतात, तो शब्द स्वीडिश भाषेतल्या पायरीवरून आला आहे. आपले गड या पायऱ्यांवरच बसलेले आहेत. सपाट पायरीवर माची, तिच्यावरच्या कड्याच्या डोक्यावर बालेकिल्ला, आणि कडा जिथे तुटलेला नाही तिथे तटबंदीची फारशी गरज नाही. म्हणजे एकावर एक रचलेला फोम बोर्ड हा सह्याद्रीच्या अंगच्या स्वभावाला बराच जवळचा आहे. उलट नुसत्या मातीचा ढीग केला तर तो आपल्या मर्जीने सुळका होत नाही. कोरडी वाळू साधारण 34 अंशांच्या उतारावर स्थिरावते. ओली माती त्याहून उभी राहते, कारण कणांमधलं पाणी त्यांना एकमेकांकडे ओढून धरतं, पण ती वाळली की कडा ढासळतो. आपल्या लहानपणचे बरेचसे किल्ले भाताच्या मुदीसारखे दिसायचे, ते आपल्याला गड माहीत नव्हते म्हणून नाही. मातीला जे जमतं तेच ती करत होती.

मग राजगडात खोट कुठे होती? पायऱ्या सगळ्या एक-एक इंचाच्या होत्या. दुकानात बोर्ड एक इंचाचा मिळाला म्हणून सह्याद्रीचा प्रत्येक थर एक इंचाचा झाला. खऱ्या डोंगरात एक कडा छाती दडपवणारा असतो, तर पुढचा थर हातभर उंचीचा, आणि गड बांधणाऱ्यांनी तटाच्या जागा हा फरक पाहूनच ठरवल्या. तिथे दोन बोर्ड जोडून एक उंच कडा आणि मधला बोर्ड तिरका तासून उतार केला असता, तर तो किल्ला खरंच बोलला असता. इथे साहित्याने माणसाच्या वतीने निर्णय घेतला आणि माणसाने तो रंगाखाली झाकला. तो रंग इतका चांगला होता, की मीही फसले.

प्रिंटरवरच्या प्रतापगडाची फसवणूक आणखी सूक्ष्म होती. जगभरची जी उंचीची माहिती फुकट मिळते, तिच्यात सहसा साधारण 30 मीटरच्या चौकोनाला एक उंची असते. सरळ उभा तुटलेला कडा या जाळ्यात सापडत नाही. एका चौकोनात कड्याचा माथा, शेजारच्या चौकोनात पायथा, आणि संगणक त्या दोघांना उताराने जोडून टाकतो. बुरूज आणि तट तर त्या चौकोनांत पार हरवतात. परिणाम असा, की ज्या कड्यामुळे शत्रू वर येऊ शकत नव्हता, तोच कडा मॉडेलमध्ये चढण्याजोगा झाला. मी मात्र ऐतिहासिक अचूकतेत या किल्ल्याला 9 गुण दिले होते, कारण माहिती उपग्रहाची होती. उपग्रहाचं नाव काढलं की आपण शिकलेली माणसं जरा जास्तच लवकर मान डोलावतो.

या दोन्ही किल्ल्यांना आणखी एक गोष्ट जमत नाही. ते पाणी पीत नाहीत. गुलाबी बोर्ड बनवलेलाच असा असतो, की त्याच्या बंद बुडबुड्यांत ओल शिरू नये. भिंतीसाठी तो गुण आहे. पण अळीव रुजायला ओल लागते. म्हणून राजगडावर हिरवा भुसा होता, जो पहिल्या दिवशी हिरवा होता आणि पाचव्या दिवशीही तितकाच हिरवा. दिवाळीच्या किल्ल्यातली एकच गोष्ट रोज सकाळी पाहायला पळत जावं अशी असते, ती म्हणजे काल पेरलेलं आज किती वर आलं. मावळे जागचे हलत नाहीत. अळीव हलतो.

स्पर्धेनंतरच्या शनिवारी मी पीटरशॅमला गेले. मॅसॅच्युसेट्सच्या मध्यावर हे छोटं गाव आहे आणि तिथे हार्वर्ड फॉरेस्टचं फिशर म्युझियम आहे. 1930च्या दशकात केंब्रिजमधल्या गर्न्सी आणि पिटमन यांच्या स्टुडिओने तिथे न्यू इंग्लंडच्या जंगलाचे 23 डायोरामा घडवायला घेतले. त्यांतली झाडं तांब्याच्या तारांची आहेत आणि इतकी बारीक, की लोक काचेला नाक लावून उभे असतात. मीही आधी झाडंच पाहिली.

मग पहिले सात डायोरामा पुन्हा पाहिले, या वेळी फक्त जमीन. हे सातही देखावे एकाच जागेचे आहेत. 1700 साली दाट जंगल. 1740मध्ये एका वसाहतकऱ्याने झाडं तोडून केलेली मोकळी जागा. 1830मध्ये शेती भरात आलेली, कुरणं आणि त्यांच्या कडेने रचलेल्या दगडी भिंती. 1850मध्ये शेत सोडून माणसं निघून गेलेली आणि पडीक जमिनीत पाइनची रोपं वर आलेली. 1910मध्ये तेच पाइन मोठे होऊन तोडले जात आहेत. पुढच्या दोन देखाव्यांत त्यांच्या जागी दुसरी झाडं दाटत जातात. वरचं सगळं सात वेळा बदलतं. खालच्या जमिनीचा चढउतार तोच राहतो, आणि एकदा आलेली दगडी भिंत जंगल परतल्यावरही झाडांच्या मुळांशी तशीच असते. इथल्या रानात फिरताना अशा भिंती अजूनही लागतात आणि नवख्या माणसाला कळत नाही, की जंगलात कुंपण कोणी घातलं.

त्या डायोरामांतली मुख्य व्यक्तिरेखा जमीन आहे. घडवणाऱ्यांनी आधी जमिनीचा विचार केला आणि मग तिच्यावर काय काय होऊन गेलं ते दाखवलं. आपण किल्ला करताना उलट करतो. आधी मावळे विकत आणतो आणि मग त्यांना उभं करायला काहीतरी शोधतो. राजगड शिवाजी महाराजांनी निवडला तो त्या डोंगरासाठी. डोंगर हा गडाचा पाट नाही, गडाचा अर्धा भाग आहे. हे मुलांना कुठल्याही भाषणाशिवाय शिकवायची जागा म्हणजे किल्ल्याचा पाया, आणि तीच आपण रंगाखाली झाकून टाकतो.

पण त्या म्युझियमचं सगळंच मला पटलं नाही. ते देखावे काचेआड आहेत आणि कायमचे आहेत. 1850 साली रुजलेलं रोप तिथे आजही तेवढंच आहे. त्यांचं काम टिकून राहणं हेच आहे, आणि त्यासाठी तार, रंग, काच ही निवड अगदी योग्य ठरते. दिवाळीच्या किल्ल्याचं काम वेगळं आहे. साताऱ्याला आमच्या घरी तुळशीचं लग्न झालं की किल्ला मोडायचा. आजोबा मावळे धुऊन जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवायचे, दगड कोपऱ्यात जायचे, पोतं वाळत पडायचं आणि माती तुळशीच्या आळ्यात जायची. पुढच्या वर्षी तीच माती पुन्हा किल्ला व्हायची. मोडणं हा किल्ला करण्याचाच शेवटचा टप्पा होता आणि त्याचं आम्हाला वाईट वाटत नसे.

इथे राजगड कुठे गेला, हे मला ठाऊक आहे. तो गॅरेजमध्ये आहे. पुढच्या वर्षी थोडा रंग मारून परत येईल, आणि एके दिवशी घर बदलताना कचऱ्यात जाईल. तिथून पुढे तो कुठेच जात नाही. गुलाबी बोर्ड आणि आपला थर्माकोल ही एकाच प्लास्टिकची, पॉलिस्टायरीनची, दोन रूपं. महाराष्ट्राने 2018 साली सजावटीच्या थर्माकोलवर बंदी आणली, आणि आपण सातासमुद्रापार येऊन संस्कृती जपण्यासाठी त्याच्याच भावाला घरात घेतलं. हे मी कोणाला टोचून बोलत नाही. दोन वर्षांच्या करारावर राहणारी मी, माझं स्वतःचं निम्मं सामान अजून खोक्यांत आहे. टिकणाऱ्या वस्तूंचा मोह मलाही होतो, कारण इथे फार थोडं टिकल्यासारखं वाटतं. म्हणूनच कदाचित मला तो चकचकीत राजगड आवडला आणि भेगा खटकल्या.

आता त्या बिननावाच्या किल्ल्याकडे परत येते. त्या मुलाच्या किल्ल्यात तीन वस्तू तीन कामं करत होत्या. दगड आणि टोपली यांनी उंची आणि कडे दिले, पोत्याने त्यांच्यावरून वाहणारा उतार दिला, आणि मातीने ओल धरली. हीच आपली जुनी रीत आहे. विटा-दगडांचा सांगाडा, त्यावर चिखलात भिजवलेलं गोणपाट, वरून मातीचा लेप. निव्वळ मातीचा किल्ला खरं तर कोणी करतच नव्हतं. अमेरिकेतले मॉडेल रेल्वेवाले पुठ्ठ्याच्या किंवा जाळीच्या सांगाड्यावर प्लास्टरमध्ये भिजवलेलं कापड पसरून डोंगर करतात. तत्त्व तेच आहे, फक्त त्यांचं कवच कायमचं कडक होतं आणि आपलं पुन्हा माती होऊ शकतं.

आणि भेगा? न्यू इंग्लंडच्या परसातली माती हिमनद्यांनी मागे टाकलेली, वाळू आणि गोट्यांची. ती आपल्या काळ्या मातीसारखी हाताला चिकटत नाही. ते लक्षात आल्यावर त्या मुलाच्या आईने कुंभारकामाची चिकणमाती आणून त्यात मिसळली, हे मला नंतर फोनवर कळलं. विचार बरोबर होता, प्रमाण थोडं जास्त झालं. चिकणमाती वाळताना आकसते आणि खालचं पोतं तिला आकसू देत नाही, म्हणून ती फाटते. वाळू जरा वाढवली असती, मूठभर बारीक चिरलेला वाळका चारा किंवा गवत घातलं असतं, आणि हीटिंगच्या झोतापासून किल्ला दूर ठेवून वर ओलं फडकं टाकलं असतं, तर भेगा बारीक राहिल्या असत्या. त्याच्या शेजारी उभं राहून एवढं सांगायला मला दोन मिनिटं लागली असती. सगळ्या हॉलमध्ये ते सांगू शकणारी मी एकटीच होते आणि मी 4 लिहून पुढे गेले.

यंदा किल्ला करणार असाल तर माझं मत सांगते. सांगाडा हलका असू द्या. डिलिव्हरीची पुठ्ठ्याची खोकी घरोघरी पडलेली असतात, ती थरांनी रचा, पण थर कमीजास्त जाडीचे करा आणि ओल लागू नये म्हणून सांगाड्यावर जुनी प्लास्टिकची पिशवी ओढा. फोमचे तुकडे घरात पडलेलेच असतील तर खुशाल वापरा. मात्र त्यावर स्प्रे पेंट थेट मारू नका, फोम विरघळून खड्डे पडतात, आणि तापलेल्या तारेने बंद खोलीत तो कापू नका, त्याचा धूर चांगला नसतो. वरून तागाचं पोतं खिळ्यांनी किंवा टूथपिकांनी अडकवा, कारण माती गुळगुळीत पृष्ठभागाला धरून राहत नाही, पोत्याला राहते. मातीसाठी 'पॉटिंग मिक्स'ची पिशवी आणू नका. तिच्यात बहुतेक पीट आणि पांढरे हलके दाणे असतात, उतारावर ते घसरतात. परसातली माती चाळून घ्या आणि थोडी चिकणमाती मिसळा. अळीव घरातल्या उबेत दोन-तीन दिवसांत रुजतो. थंडीत बाल्कनीत त्याची वाट पाहू नका. पाच-सहा बोटांच्या जाडीऐवजी मातीचा लेप बोटभर ठेवलात, तर सगळा किल्ला दोन माणसांना उचलता येतो.

यंदाच्या स्पर्धेसाठी मंडळाच्या काकूंचा पुन्हा फोन आला. मी आधी गेल्या वर्षीची चूक सांगितली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "अगं, पोरांना काही आठवत नाही, तूच मनात धरून बसली आहेस." असेलही. मी होकार दिला, पण गुणपत्रिकेत एक रकाना वाढवून मागितला. सफाईदारपणाचे 5 गुण कमी करून ते या नव्या रकान्याला द्यायचे, आणि त्याचे गुण किल्ल्याकडे पाहून नाही, किल्ला करणाऱ्या मुलाशी बोलून द्यायचे. प्रश्न एकच: तुझ्या किल्ल्याच्या पोटात काय आहे, आणि तेच का घेतलंस?

त्या मुलाच्या आईला मी भेगांचं कारण सविस्तर लिहून पाठवलं आहे. त्याचं एका ओळीचं उत्तर आलं, आईच्या फोनवरून, इंग्रजी स्पेलिंगच्या मराठीत. भेगा त्याला आवडल्या होत्या, अळीव तिथूनच तर बाहेर आला.